शेवटच्या रांगेची किंमत

बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाईपासून फार दूर नसलेल्या एका गावी, अखंड हरिनाम सप्ताहाच्या जमाखर्चाचा विचार करण्याकरिता मारुतीच्या पारावर जी बैठक भरली होती तीस, आयुष्यभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवीत आलेला मनुष्य म्हणून, मलाही पाचारण करण्यात आले होते. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच कारखान्यांवरून परतल्या असल्यामुळे वर्गणीची रक्कम यंदा बरी जमली आहे ही वार्ता प्रथम सांगण्यात आली, आणि मग मूळ मसलतीस हात घालण्यात आला. शेजारच्या गावाने गतवर्षी शहरांतील संगीताच्या जलशांत असतात तसले, एकाखाली एक टांगलेले, केळीच्या घडासारखे खाली वाकत आलेले काळे ध्वनिक्षेपक भाड्याने आणविले होते. तर आपण दरसालच्या भाड्याची कटकट मिटवून तसलेच कायमचे विकत घ्यावेत की काय, एवढाच प्रश्न होता. एका तरुणाचे म्हणणे पडले, "गुरुजी, आवाज कसा, छातीत घुमला पाहिजे." त्यावर एक वृद्ध टाळकरी, ज्यांनी तोवर तंबाखू मळण्यापलीकडे चर्चेत भाग घेतला नव्हता, ते म्हणाले, "छातीचं राहू द्या. मागल्या बायांना काहीच ऐकू येईना, त्याचं बघा आधी."

या दोन वाक्यांत ध्वनिक्षेपकांच्या किमतीचे सारे शास्त्र साठविलेले आहे असे मला तेव्हाच वाटले. छातीत घुमणे आणि मागे ऐकू जाणे ही वरवर पाहता एकाच मागणीची दोन रूपे भासली, तरी निसर्गाच्या दप्तरात त्यांची खाती निरनिराळी असून त्यांचे दरही निरनिराळे लागतात.

प्रथम मागल्या बायांची कैफियत घेऊ. सप्ताहाचा मांडव साधारण दोनशे फूट लांब धरला, आणि कीर्तनकाराच्या पायांशी जमिनीवर एक बॉक्स ठेवला, तर पहिल्या रांगेतील श्रोता त्यापासून दोन मीटरवर आणि शेवटची म्हातारी चौसष्ट मीटरवर बसते. उघड्यावर एका ठिकाणाहून निघालेला ध्वनी अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबेलने उतरतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस, बत्तिसाचे चौसष्ट, अशा पाच दुपटी झाल्या म्हणजे तीस डेसिबेल खर्ची पडले. आणि तीस डेसिबेल म्हणजे शक्तीच्या हिशेबात सहस्रपट. याचा अर्थ असा की, शेवटच्या रांगेला नीट ऐकू जावे म्हणून यंत्राचा कान पिळला, तर पुढे बसलेल्या पोरांचे कान फुटण्याची वेळ येते, आणि पुढच्यांची कीव करून आवाज उतरविला तर मागल्या बाया केवळ कीर्तनकाराचे हातवारे पाहून माना डोलवीत राहतात. या विषमतेवर अधिक मोठे यंत्र हा उपाय मुळीच नव्हे, कारण मोठे यंत्र दोन्ही टोकांना सारखेच चढविते. तीस डेसिबेलचा फरक जिथल्या तिथेच राहतो.

आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे गणित न मांडताच एक उपाय शोधून काढला होता. ते भोंगा कडुनिंबाच्या फांदीला किंवा देवळाच्या शिखराला बांधीत. भोंगा वीस फूट उंच गेला की जवळच्या श्रोत्याचे अंतर दोन मीटरवरून पाच-सव्वापाच मीटरवर जाते आणि दूरच्या श्रोत्याच्या अंतरात जवळजवळ फरक पडत नाही, म्हणून तिसांचे बाविसावर येते. शिवाय भोंग्याचे तोंड दूरवर रोखलेले असल्याने खालच्यांच्या वाट्याला त्याच्या कडेचा सौम्य भाग येतो. लाखो रुपयांच्या जलशाच्या क्षेपकांना क्रेनने उंच टांगण्यामागे जे कारण आहे, तेच कारण त्या कडुनिंबामागे होते. फांदीला मात्र भाडे पडत नसे.

हा भोंगा उपहासाचा विषय झालेला असला तरी त्याची सनद जुनी आहे. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरगृहासमोर कर्ण्यातून वाणी आणि संगीत हजारो लोकांना ऐकविले, आणि पुढे आपल्याकडे मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांतून कर्णे उभारून गांधीजींचा मंद आवाज अफाट समुदायापर्यंत पोहोचविला. भोंग्याचा गुण असा की, थोड्या विजेत तो पुष्कळ ध्वनी देतो. एका वॅटवर, एका मीटरवर, चांगला भोंगा एकशेआठ डेसिबेलच्या आसपास जातो, तर कागदी शंकूचा साधारण बॉक्स शहाण्णवाच्या आसपास रेंगाळतो; ही बारा डेसिबेलची तफावत भरून काढावयाची तर बॉक्सला सोळापट वीज द्यावी लागते. त्याचा दोष असा की, तो सुमारे चारशे हर्ट्झच्या खालचे आणि पाच-सहा हजारांच्या वरचे काहीच धड बोलत नाही. परंतु मनुष्याच्या भाषेत अर्थ वाहून नेतात ती व्यंजने, आणि त्यांतील पुष्कळशी एक हजार ते चार हजारांच्या दरम्यान उमटतात. दूरध्वनीवर तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढ्या अरुंद फटीतून आपण आईचा आवाज ओळखतो, तद्वत भोंग्यातून अभंगाचे शब्द स्पष्ट कळतात. आवाज पोकळ लागतो, बोवांना पडसे झाले आहे की काय असे वाटते, पण "माझा" आणि "तुझा" यांत गोंधळ होत नाही.

आता छातीत घुमण्याचे पाहू. आणि त्या तरुणाला मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्याच्या पक्षाला बीड जिल्ह्यातच एक मोठा साक्षीदार आहे. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगाव हे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांचे गाव. (ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव ते पैठणजवळचे, गोदाकाठचे; नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा लावतात तो केवळ रिवाज म्हणून नव्हे, त्या वजनाने कातड्याचे कंपन मंदावते आणि ज्याच्यामुळे पखवाज पखवाज ठरतो तो धीरगंभीर, खोल घुमारा निर्माण होतो. हा घुमारा शंभर हर्ट्झच्या आगेमागे आणि त्याहूनही खाली वावरतो. भोंग्याच्या दारात त्याला प्रवेशच नाही. भोंग्यातून पखवाज ऐकणे म्हणजे पत्र्याच्या डब्यावर कोणी बोटे वाजवीत आहे असे ऐकणे. वाण्याच्या दुकानात मिळणारी मूठभर कणीक जे कमावते ते भोंगा तत्काळ घालवून बसतो.

खोल नाद देण्याला स्थळ आणि द्रव्य दोन्ही लागतात, यालाही कारण आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो. म्हणून हजार हर्ट्झची एक लाट चौतीस सेंटीमीटरची, म्हणजे सुमारे दीड वीत, तर पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची, म्हणजे बैलगाडी बैलांसकट आत मावेल एवढी. एवढी लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा मागेपुढे ढकलली पाहिजे, त्यासाठी रुंद शंकू, जड लोहचुंबक आणि भक्कम लाकडी पेटारा पाहिजे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये फिरत्या वेटोळ्याचा जो शंकुक्षेपक सिद्ध केला, त्याचेच हे वंशज आहेत, आणि शंभर वर्षांत मूळ तत्त्वात बदल झालेला नाही. बेस स्वस्तात मिळत नाही. स्वस्तात मिळतो तो बेसचा भास.

हा भास विकण्याचे मुख्य साधन म्हणजे वॅट. बाजारात कोणी दहा हजार वॅट म्हणतो, कोणी खोक्यावर पीएमपीओ अशी अक्षरे छापून त्यापुढे मनास येईल तो आकडा लिहितो, आणि वर्गणीदार मंडळी धान्याच्या पोत्यांप्रमाणे वॅट मोजून सौदा करतात. वस्तुतः शक्ती दुप्पट केली तर ध्वनी अवघा तीन डेसिबेल चढतो, जो चढ सामान्य कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा एवढा दहा डेसिबेलचा चढ हवा असेल तर वीज दसपट लागते. उलट कीर्तनकाराने माईक तोंडापासून एक फुटावर धरण्याऐवजी अर्ध्या फुटावर धरला, तर सहा डेसिबेल फुकट पदरी पडतात, म्हणजे यंत्राची शक्ती चौपट केल्याचे फळ मिळते, आणि माईकने शिट्टी मारण्याचे भयही तेवढेच मागे हटते. या एका सवयीवर किती गावांची किती रक्कम वाचली असती, हे कोणत्याही कचेरीत नोंदलेले नाही.

मग महाग क्षेपकात महाग असे असते तरी काय? त्यात नाद अधिक गोड असतो अशी जी समजूत आहे ती अर्धवट खरी आहे. मंद आवाजात, घराच्या ओसरीवर, मध्यम प्रतीचा बॉक्स आणि नामांकित परदेशी डबा यांत भेद करणे पुष्कळांस अवघड जाईल. भेद दिसतो तो तिसऱ्या तासाला. शंकूच्या क्षेपकात घातलेल्या शंभर वॅटांपैकी ध्वनी होऊन बाहेर पडतात ते दोन-चार. उरलेले वेटोळ्याला तापवितात. तापलेल्या तारेचा विरोध वाढतो, तिच्यात वीज कमी शिरते, आणि संध्याकाळी सणसणीत वाजणारा बॉक्स रात्री दहाच्या सुमारास दबल्यासारखा होतो. साउंडवाला तो आणखी चढवितो, आवाज फाटू लागतो, आणि शेवटी "क्वाइल जळाली" हा निरोप येतो. चैत्र-वैशाखात, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना आणि गावातील विजेचा दाब वरखाली होत असताना, हे संकट आमच्याकडे फार लवकर ओढवते. महाग क्षेपकात ही उष्णता वाहून नेण्याची, वेटोळे न जळू देण्याची आणि यंत्राला वेळीच आवरण्याची तजवीज केलेली असते. दुसरे असे की, त्याचा प्रत्येक डबा दुसऱ्याची तंतोतंत प्रतिकृती असतो, आणि त्यातून निघणारा ध्वनी किती अंशांत पसरेल हे निर्मात्याने मोजून कागदावर दिलेले असते. तिसरे, ज्याचा उल्लेख गिऱ्हाईक कधी करीत नाही, ते त्याच्या टांगणीचे लोखंड. माणसांच्या डोक्यावर अर्धा टन वजन रात्रभर लोंबत ठेवावयाचे तर त्या प्रत्येक खिळीची ताकद तपासलेली असली पाहिजे, आणि या तपासणीचेही पैसे किमतीत असतात. ते मला कधीही जास्त वाटलेले नाहीत.

त्या केळीच्या घडाला लाइन ॲरे म्हणतात. क्रिस्तियाँ हाइल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९९२ च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले, आणि पुढील काही वर्षांत मोठ्या जलशांचा सारा रंग पालटला. पुष्कळ डबे एका ओळीत असे जुळवायचे की ते सर्व मिळून एकच लांब उगम व्हावा. मग काही अंतरापर्यंत दर दुपटीला सहांऐवजी तीनच डेसिबेल उतरतात, आणि घड खाली वळवून जवळच्यांना थोडा व दूरच्यांना अधिक ध्वनी वाटून देता येतो. म्हणजे ज्या तीस डेसिबेलच्या विषमतेपाशी आपण आरंभ केला, तिच्यावरच हा घाव आहे. माझ्या मते महाग क्षेपकाची किंमत ही मुख्यतः शेवटच्या रांगेची किंमत होय. पुढच्या रांगेतील श्रीमंतांना तो स्वस्त बॉक्सहून विशेष काही देत नाही.

परंतु या युक्तीची एक अट आहे, आणि ती आमच्या गावांत बहुधा कोणी वाचलेली नसते. ओळीचा प्रभाव तिच्या लांबीहून लहान लाटांवरच चालतो. चार डबे टांगून दोन मीटरची ओळ केली तर एकशेसत्तर हर्ट्झच्या वरच्या नादालाच ती वळण लावू शकते. खालचा सारा नाद चारही दिशांना मोकाट सुटतो. आणि सप्ताहाच्या कापडी मांडवाची उंची बारा-पंधरा फूट. त्यात घड टांगावयाचा कुठे? शेजारच्या गावाने तो व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंस पाइपांच्या घोड्यांवर उभा केला होता, तेव्हा त्याची खालची टोके पहिल्या रांगेच्या तोंडाशी आली आणि वरची मांडवाच्या छताला भिडली. एवढे मोल देऊन आणलेली वस्तू, तिच्या सर्व गुणांवर पांघरूण घालून, केवळ मोठ्या बॉक्सासारखी वाजविण्यात आली. त्या गावच्या मागल्या बायांना त्या वर्षी काय ऐकू आले, याची चौकशी मी केली नाही. करण्याची गरजही नव्हती.

सुटका निराळ्या वाटेने आहे, आणि ती तुलनेने अल्प मोलाची आहे. दोनशे फुटांच्या मांडवात, व्यासपीठापाशी एक आणि पुढे दर पन्नास फुटांवर एकेक, अशा मध्यम प्रतीच्या बॉक्सांच्या चार जोड्या खांबांना उंचावर बांधल्या, तर कोणीही श्रोता आपल्या जवळच्या बॉक्सापासून फार लांब राहत नाही, आणि प्रत्येक जोडी हळू वाजविता येते. एकच पथ्य सांभाळावे लागते. विजेच्या तारेतून आवाज तत्क्षणी पोहोचतो, हवेतून मात्र तो चालत येतो; पंचेचाळीस मीटरवरच्या म्हातारीला डोक्यावरचा बॉक्स आधी बोलतो आणि व्यासपीठाकडचा आवाज सेकंदाच्या आठव्या हिश्श्याने मागाहून येऊन त्याच शब्दाला अडखळवितो. म्हणून मागच्या जोड्यांना हेतुपुरस्सर विलंब द्यावयाचा: पहिल्या पंधरा मीटरला चव्वेचाळीस सहस्रांश सेकंद, पुढे अठ्ठ्याऐंशी, आणि शेवटी एकशेबत्तीस, आणि त्यात आणखी दहा-पंधरा सहस्रांशांची भर घालावयाची. ही भर कशासाठी, तर हेल्मुट हास याने १९४९ मध्ये दाखवून दिले की, दोन सारखे ध्वनी सुमारे तीस सहस्रांशांच्या आत एकामागून एक आले तर कान त्यांना एकच समजतो आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने पाहतो. मग आवाज डोक्यावरच्या बॉक्सातून येत असूनही म्हातारीला तो बोवांच्या मुखातूनच आल्याचा भास होतो. हल्ली हा विलंब देणारी सोय साध्या डिजिटल मिक्सरमध्येही मिळते. ती वापरणारा हात मात्र शोधावा लागतो.

ज्याचा धंदाच ध्वनी आहे त्याचा हिशेब वेगळा. समजा, एखाद्या साउंडवाल्याने वीस लाखांचा सरंजाम घेतला, तो आठ वर्षे टिकला आणि वर्षास साठ दिवस कामे मिळाली, तर व्याज सोडून दर दिवशी चार हजारांवर रक्कम केवळ झिजेची पडते. दोन लाखांचा साधा संच चार वर्षे टिकला तर त्याच साठ दिवसांना दिवसाचे आठशे-साडेआठशे पडतात. हा फरक लग्नाच्या वरातीवर भरून निघत नाही. मोठ्या गायकांच्या अटींच्या यादीत अमुक नावाचेच क्षेपक हवेत असे कलम असते, आणि त्या कलमापोटी मिळणारे भाडे हेच महाग सरंजामाचे खरे उत्पन्न. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहासारख्या ठिकाणी, जिथे तानपुऱ्याची जवार आणि तबल्याची चाट ऐकण्याकरिताच माणसे येतात, तिथे उत्तम सरंजाम भाड्याने आणणे हा अपव्यय आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला वर्षातून सात दिवसच ध्वनी लागतो त्याने मात्र तो विकत घेऊन उरलेले सारे वर्ष देवळाच्या कोठीत उंदरांच्या हवाली करणे, हा व्यवहार मला उमगत नाही.

राहता राहिला कायदा, आणि त्याबद्दल बैठकीत कोणी फारसे बोलू इच्छीत नव्हते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वर्षातील पंधरा दिवसांपुरती ती बारापर्यंत सैल करण्याचा अधिकार शासनास आहे. आमची काकडआरती सहाच्या आधी होते आणि कीर्तन नऊला उभे राहून अकराला उतरते, तेव्हा दोन्ही टोकांना सप्ताह या नियमाशी घासतो. वस्ती-भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबेल, म्हणजे शांत संभाषणाहूनही कमी. इथे मला ती चार जोड्यांची व्यवस्था आणखी एका कारणाने पसंत पडते: हळू आणि जवळून बोलणारा बॉक्स मांडवाबाहेर फारसा सांडत नाही, शिखरावरचा भोंगा तीन शिवारांना जागे ठेवतो. छातीत घुमणाऱ्या बेसला तर भिंतही अडवीत नाही. सात मीटरच्या लाटेला वीटकाम म्हणजे काय? वरातीतील डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या स्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने शंभर डेसिबेल ही कमाल मर्यादा सुचविली, आणि ती पोरे बॉक्सला कान लावूनच उभी असतात.

बैठकीत शेवटी जे ठरले ते माझ्या सल्ल्याने ठरले असे मी म्हणणार नाही. वर्गणीच्या वहीने निम्मा निकाल आधीच दिला होता. मध्यम प्रतीच्या चार जोड्या, एक मिक्सर, कीर्तनकारासाठी एक बऱ्यापैकी माईक, आणि त्या तरुणाच्या समाधानासाठी पखवाजापुरती एक बेसची पेटी, एवढ्यावर ठराव झाला. विलंबाचे आकडे मी चिठोऱ्यावर लिहून त्याच तरुणाच्या हाती दिले, आणि त्याने ते मोबाइलमध्ये उतरवून घेऊन चिठोरे परत केले.

पहिल्या रात्री मी मुद्दाम मागे, जिथे चपलांचे ढीग असतात आणि लहान मुले आयांच्या मांडीवर झोपी गेलेली असतात, तिथे जाऊन बसलो. माझ्या शेजारी जी आजी होती तिचे लक्ष मांडवाच्या त्या दूरच्या टोकाकडे, बोवांच्या तोंडाकडे होते. डोक्यावर खांबाला बांधलेल्या बॉक्साकडे तिने एकदाही पाहिले नाही. पहिल्या अभंगाचे चरण झाले आणि बोवांनी विनोदाची एक छोटीशी गोष्ट सांगितली, तेव्हा पुढची मंडळी हसली, आणि ती आजी त्यांच्याबरोबर हसली, मागाहून नव्हे.